तुकडा नको, हिस्सा पाहिजे

डॉक्टर म्हणाला, पँट काढ. काढली. म्हणाला, पायातला कॅलिपर काढ. काढला. मग म्हणाला, आता चालून दाखव.

कॅलिपर काढल्यावर मला चालता येत नाही, हे त्याला दिसत होतं. तरी चालायला लावलं. भिंतीला धरून चार पावलं टाकली. आमच्याकडं बैलबाजारात गिऱ्हाईक बैल चालवून बघतं, तसं त्यानं बघितलं. कागदावरच्या एका चौकोनात फुली मारली. म्हणाला, झालं, जा.

साल २००७. जागा कॅलिफोर्निया. अमेरिकेत कायमचं राहायचं तर ग्रीन कार्ड लागतं आणि त्यासाठी सरकारनं नेमलेल्या डॉक्टरपुढं असं उभं राहावं लागतं. त्याच्या कागदावर दोन वर्ग असतात. वर्ग अ म्हणजे दार बंद. वर्ग ब म्हणजे दार बंद नाही, पण ह्या माणसाच्या शरीरात कायमची गंभीर खोट आहे, पुढच्या साहेबानं ध्यानात ठेवावं. माझी फुली वर्ग ब वर होती.

मित्रांनो, वर्गवारी आपल्याला नवी नाही. मी जन्मलो १९७२ साली, जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात, गावकुसाबाहेर. दुष्काळाचं साल. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्याच साली मुंबईत आपली पोरं पँथर म्हणून उभी राहिली, हे मला फार नंतर कळलं. दोन वर्षांचा असताना पोलिओनं उजवा पाय नेला. गावानं आम्हाला एक नाव आधीच ठेवलं होतं, आता त्याला दुसरं जोडलं. शाळेत, पाणवठ्यावर, एसटीच्या थांब्यावर एकच हाक यायची: लंगडं म्हारडं. व्याकरणाचे मास्तर ह्याला समास म्हणतात. शब्द दोन, मार एकच.

गावातला महाराज दोन्हीचं कारण एकच सांगायचा. मागच्या जन्माचं पाप. जात हलकी का, तर पाप. पाय लुळा का, तर पाप. किती सोयीचं आहे बघा! पोलिओची लस अमेरिकेत १९५५ सालीच निघाली होती. १९७४ पर्यंत ती आमच्या वस्तीत का पोचली नाही, हा सवाल मग कुणी कुणाला विचारायचाच नाही. पाप म्हटलं की सरकार सुटलं, गाव सुटलं, सगळे सुटले. अडकून राहिला तो फक्त लंगडा.

हे मी रडण्यासाठी लिहीत नाही. पंचवीस वर्षांहून जास्त झाली, परक्या देशात एका पायावर, आणि आता चाकाच्या खुर्चीवर, मी माझं आयुष्य उभं केलंय. त्यातून जे कळलं ते आपल्या लोकांना सांगायचंय. आणि काही गोष्टी आपल्याच लोकांना सुनवायच्या आहेत.

आधी मनूकडं जाऊ. मनुस्मृतीचा नववा अध्याय, २०१ वा श्लोक. बापाच्या इस्टेटीत कुणाला हिस्सा नाही, त्याची यादी. नपुंसक, पतित, जन्माचा आंधळा, बहिरा, वेडा, जड, मुका आणि ज्याचं कुठलंही इंद्रिय कमी आहे तो. बघा, पतित आणि अपंग एकाच ओळीत बसवलेत. शेजारी शेजारी. म्हणजे आपलं नातं मनूनंच लावून ठेवलंय, आपण मात्र ते ओळखलं नाही. पण खरी मेख पुढच्या श्लोकात आहे. तिथं मनू एकदम दयाळू होतो. म्हणतो, ह्यांना अन्नवस्त्र मात्र जन्मभर द्यावं.

म्हणजे काय? हिस्सा नाही, तुकडा घ्या. हक्क नाही, दया घ्या. जगा, पण आमच्या ओसरीवर, आमच्या मर्जीनं.

हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळला. आपण दरवर्षी त्याची आठवण काढतो. पण त्या आगीत लंगड्या-आंधळ्यांची बेडीही जळत होती, हे कुणा वक्त्याच्या तोंडून ऐकलंत? १९२८ च्या कायद्यानं अपंगांच्या वारसाहक्काची गाठ थोडी सैल केली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं ती पार तोडली. रोग, व्यंग, शरीराची खोट ह्या कारणानं वारसा नाकारता येणार नाही, असं त्यात साफ लिहिलंय. हा कायदा कुठून आला? हिंदू कोड बिलातून. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली, त्या कारणांतलं एक कारण हेच बिल होतं. देशातल्या प्रत्येक हिंदू अपंगाच्या सातबाऱ्यावर बाबासाहेबांचा हात आहे. त्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहे, देव जाणे. आणि देवही सांगायचा नाही.

पण मनू काही एकाच देशाचा रहिवासी नाही. अमेरिकेला तो आमच्या आधी पोचला होता.

१८८२ साली अमेरिकेनं दोन कायदे केले. मे महिन्यात चिनी मजुरांना बंदी. ऑगस्टमध्ये वेडे, मतिमंद आणि स्वतःची काळजी घेता न येऊन सरकारवर बोजा होतील अशा माणसांना बंदी. रंग आणि शरीर, दोघांची नाकाबंदी एकाच वर्षात. पुढं १८९२ साली न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावर तपासणीचं ठाणं उघडलं. बोटीतून उतरलेल्या गरीब माणसांना सामान घेऊन जिना चढायला लावायचे आणि डॉक्टर वरून बघत राहायचे. कोण धापा टाकतो, कोण लंगडतो. जो लंगडला त्याच्या कोटावर खडूनं अक्षर. लंगड्याला एल, पाठीचं दुखणं असेल तर बी, हृदयाला एच, डोक्याबद्दल शंका असेल तर एक्स. पहिल्या-दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढणाऱ्यांची तपासणी मात्र बोटीवरच, अदबीनं. त्यांना जिना नाही. साला, खडूसुद्धा गरिबाचाच कोट शोधतो.

म्हणतात, काही हुशार माणसांनी खडूची खूण झाली की कोट काढून उलटा घातला आणि निसटली. हा उलटा कोट ध्यानात ठेवा. त्याच्याकडं परत यायचंय.

आत शिरलेल्यांची तरी सुटका होती का? शिकागो शहरानं १८८१ साली नियम केला की ज्याचं शरीर रोगट, लुळंपांगळं, बघायला किळसवाणं आहे त्यानं रस्त्यावर लोकांच्या नजरेस पडायचं नाही. पडला तर दंड. आपल्या बापजाद्यांची सावली नको होती, ह्यांची सूरत नको होती. तो नियम शिकागोनं काढून टाकला १९७४ साली. माझा पाय गेला त्या वर्षी.

पण त्याच देशात माणसं उठली. कशी उठली ते ऐका, कारण त्यात आपल्या घरचा एक धागा आहे.

एड रॉबर्ट्स नावाचा एक पोरगा. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळजवळ सगळं गेलं. श्वासासाठी रात्र लोखंडी यंत्रात काढायची. १९६२ साली तो बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला आला. वसतिगृहात त्याचं यंत्र ठेवायला जागा नाही, म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यात राहिला. राज्याच्या पुनर्वसन खात्यानं शेरा मारला होता की हा नोकरीच्या लायकीचा नाही, ह्याच्यावर पैसा घालवू नका. त्यानं आणि त्याच्यासारख्या पोरांनी मिळून १९७२ साली बर्कलेत स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं. दवाखाना नाही, अनाथाश्रम नाही. अपंगांनी अपंगांसाठी चालवलेलं केंद्र. घर कुठं मिळेल, मदतनीस कसा ठेवायचा, खुर्ची कोण दुरुस्त करील, सरकारशी कसं भांडायचं. काही वर्षांनी हाच रॉबर्ट्स त्याच पुनर्वसन खात्याचा प्रमुख होऊन बसला. ज्यांनी शेरा मारला, त्यांच्याच खुर्चीवर.

१९७३ साली कायद्यात एक कलम आलं, ५०४ नंबरचं. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेनं अपंगाला अपंग म्हणून नाकारायचं नाही. कलम आलं, पण नियमांवर सही होईना. चार वर्षं फाईल पडून. ५ एप्रिल १९७७ ला अपंगांनी सॅन फ्रान्सिस्कोची केंद्र सरकारची इमारत धरली. शंभरावर माणसं आत शिरली आणि बाहेर पडेनात. औषधं नाहीत, अंथरूण नाही, कूस बदलायला मदतनीस नाही. पुढाऱ्यांत होती ज्युडी ह्यूमन, हिटलरच्या राज्यातून लहानपणी निसटलेल्या ज्यू आईबापांची पोरगी. चाकाच्या खुर्चीमुळं शाळेत आगीचा धोका होतो म्हणून हिला लहानपणी शाळेनं घेतलं नव्हतं. अपंगांना आधी वेगळं काढायचं आणि मग मारायचं, हे हिटलरनं करून दाखवलं होतं. ते तिच्या घराला ठाऊक होतं.

जवळजवळ २५ दिवस ती माणसं आत टिकली. टिकली कशावर? ओकलंडचे ब्लॅक पँथर रोज गरम जेवण घेऊन येत होते. आत बसलेल्यांत ब्रॅड लोमॅक्स नावाचा पँथर होता. मज्जातंतूंच्या आजारानं खुर्चीला खिळलेला. त्याच्यासोबत चक जॅक्सन, तोही पँथर. तो लोमॅक्सचं अंगाचं सगळं करायचा, आणि इतर अपंगांचंही करायचा, गोऱ्यांचंही. २८ एप्रिलला सही झाली.

आपण १९७२ साली त्यांचं नाव घेतलं. त्यांची काळी टोपी बघितली, बंदूक बघितली, उगारलेली मूठ बघितली. त्यांचा डबा बघितला नाही. मूठ उगारता येत नाही अशा माणसाच्या तोंडात घास घालणारा पँथर आपण बघितला नाही. तो बघितला असता तर आपली चळवळ थोडी वेगळी झाली असती.

आता माझं. मी २००० साली संगणकाच्या कामावर ओकलंडच्या बाजूला आलो. चार भारतीय पोरांत एक घर. दुसरा मजला, लिफ्ट नाही, १७ पायऱ्या. पहिल्या आठवड्यात आडनाव विचारलं. आडनावावरून कळेना, तर गाव विचारलं. गावावरून कळेना, तर भिंतीवर कुणाचा फोटो लावणार ते विचारलं. मी बाबासाहेबांचा फोटो लावला. पुढच्या आठवड्यात माझी ताटली वेगळी झाली. कुणी काही बोललं नाही. शिकलेली पोरं, बोलतील कशाला? एका घरी सत्यनारायणाला गेलो तर म्हातारी माझ्या पायाकडं बघून म्हणाली, पूर्वजन्मीचे भोग असतात बाबा. लोणच्याच्या बरणीबरोबर पापही विमानात बसून आलं होतं.

आणि त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली. कामावर जायला बसथांब्यावर उभा होतो. दोन कुबड्या, पाठीवर पिशवी. गावाकडं एसटीची पहिली पायरी माझ्या मांडीएवढी उंच. कंडक्टर ओरडायचा, आवर की लंगड्या, आणि कुणीतरी बखोटीला धरून आत ओढायचं. इथं बस थांबली आणि फुस्स करून माझ्या बाजूनं खाली वाकली. गुडघे टेकल्यासारखी. दार माझ्या पावलाशी आलं. मी चढलो. ड्रायव्हरनं माझ्याकडं दयेनं बघितलं नाही. बघितलंच नाही. बटण दाबलं होतं, त्याच्या नोकरीचा तो भाग होता.

मी खिडकीशी बसून रडलो. आईशपथ सांगतो. उभ्या जन्मात माझ्यापुढं कुणी वाकलं नव्हतं. आणि वाकली ती वस्तू, माणूस नाही. कुणाचे उपकार नाहीत, कुणाला धन्यवाद नाहीत. हिस्सा म्हणतात तो हा. त्या बटणामागं इमारत धरून बसलेली माणसं आहेत, पँथरचा डबा आहे, १९९० सालचा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे. अमेरिका दयाळू आहे म्हणून बस वाकत नाही. तिला वाकवलंय म्हणून वाकते.

त्या दिवसापासून मी स्वतंत्र जगणं शिकलो. १७ पायऱ्यांचं घर सोडलं, तळमजल्यावर खोली घेतली, दीडपट भाडं भरलं. उजवा पाय चालत नाही तर मोटारीत डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवून घेतला आणि परवाना काढला. स्वयंपाकाचा ओटा उंच, तर खुर्चीवर बसून टेबलावर भाकरी थापायला शिकलो. पहिल्या महिन्यातल्या भाकरीला नकाशासारखे कोपरे असायचे. खाल्ल्या. बाथरूमच्या भिंतीला दांडी बसवायची तर घरमालक कुरकुरला. मी कायद्याचा कागद पुढं केला. बसवली.

पण चाळिशी उलटली आणि शरीरानं दुसरा डाव टाकला. पोलिओ होऊन तीस-चाळीस वर्षांनी कित्येकांचे उरलेले स्नायूही थकतात. धडक्या पायानं इतकी वर्षं दोघांचा भार वाहिलेला असतो, तो संपावर जातो. २०१६ पासून मी खुर्चीवर आहे. सकाळी उठायला, अंघोळीला, कपडे घालायला माणूस लागतो.

इथं आपले लोक म्हणतात, अरेरे, परावलंबी झाला. मी विचारतो, मंत्र्याची गाडी कोण चालवतं? साहेबाचा चहा कोण आणतं? शेटचं धोतर कोण धुतं? त्यांना कुणी परावलंबी म्हणतं का? मदत सगळेच घेतात. फरक एवढाच की त्यांची मदत त्यांच्या हुकमात असते आणि आपली मदत दुसऱ्याच्या मर्जीत. स्वतंत्र असणं म्हणजे सगळं आपल्या हातानं करणं नव्हे. कधी उठायचं, काय खायचं, कुठं जायचं, कोण अंगाला हात लावणार, हे मी ठरवणं म्हणजे स्वतंत्र असणं. बर्कलेच्या त्या पोरांनी जगाला शिकवलं ते हेच.

माझ्याकडं सकाळी दोन तास फिलिपिन्सचा एक गृहस्थ येतो. तोही परदेशातून पोटासाठी आलेला. पहिल्या दिवशी त्यानं माझा लुळा पाय हातात घेऊन धुतला तेव्हा मला कसंनुसं झालं. कारण मला ठाऊक आहे की दुसऱ्याच्या अंगाची घाण काढायचं काम जगात कुणाच्या वाट्याला येतं. आमच्या आयांनी गावाची बाळंतपणं केली, बापांनी मेलेली ढोरं ओढली, आणि त्याला मजुरी नव्हती, बलुतं होतं. तुकडाच. मी त्याला पहिल्या दिवशी विचारलं, तुझा दर काय? आणि तो सांगेल तो दर दिला. कॅलिफोर्नियात गरीब अपंगाला असा मदतनीस सरकारी खर्चानं मिळतो आणि कुणाला ठेवायचं ते अपंग स्वतः ठरवतो. त्या मदतनीसांत बायका जास्त, परदेशातून आलेल्या जास्त. १९९९ साली लॉस एंजेलिसमध्ये अशा ७४,००० मदतनीसांनी युनियन केली. माझी सुटका त्याच्या कमी मजुरीवर उभी असेल तर ती सुटका नाही, नवी पाटीलकी आहे. हेही लिहून ठेवा.

आता अमेरिकेची आरती थांबवतो. कारण बस ज्यांच्यापुढं वाकते, त्यांच्यात आणि दाराशी उभ्या असलेल्यांत फरक आहे. १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच वर्षी परदेशी माणसांच्या कायद्यातूनही नुसत्या अपंगत्वावरून दार बंद करण्याची कलमं गेली. पण १८८२ सालचा तो ‘सरकारवर बोजा’ हा शब्द राहिला. अजून आहे. १९९६ साली नवा कायदा आला. ग्रीन कार्ड मिळालं तरी बहुतेकांना पहिली ५ वर्षं केंद्राच्या मोठ्या मदत योजनांचं दार बंद. कर भरा, मदत मागू नका. २०२० ते २०२१ एक नियम होता, त्यात सरकारी मदत घेतलेली तुमच्याविरुद्ध मोजली जायची आणि मोठं आजारपण-अपंगत्वही वजा बाजूला धरलं जायचं. तो गेला, पण भीती ठेवून गेला. गरज असूनही माणसं मदतीच्या खिडकीशी जायला घाबरली. ऑस्ट्रेलियाचं बघा. तिथला १९९२ सालचा कायदा म्हणतो, अपंगाशी भेदभाव करायचा नाही. आणि त्याच कायद्यात एक कलम आहे की परदेशी माणसाला आत घ्यायचं का नाही, हे ठरवताना हा नियम लागू नाही. म्हणजे आमचे अपंग ते अपंग, तुमचे अपंग तो खर्च.

२००७ साली माझ्या कागदावर वर्ग ब ची फुली पडली. कार्ड हातात आलं २०१२ साली. मधली पाच वर्षं मी डॉक्टरला खांदा दुखतो असं सांगितलं नाही. पडलो तरी सांगितलं नाही. कामावर कुबड्या टेबलाखाली लपवल्या. न जाणो, कुणी लिहून ठेवलं तर? आणि त्याच पाच वर्षांत, नोकरी टिकावी म्हणून, वरच्या हुद्द्यावरच्या देशी साहेबापुढं आडनावाचा विषय निघाला की बोलणं बदलत राहिलो. भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत नेला.

दोन्ही कोट उलटे घालून हिंडलो, दोस्तांनो. पायाचा आणि जातीचाही. आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या पाच वर्षांची. लंगड्या पायाची कधीच नाही.

आता आपलं घर. २०१९ साली गावी गेलो. आमच्या वस्तीत नवा विहार झालाय. फरशी चकचकीत, रंग पांढराशुभ्र. दारात पाच पायऱ्या. मी खाली खुर्चीत. चार पोरं धावत आली, जय भीम काका म्हणाली आणि खुर्चीसकट उचलून वर घेऊन गेली. प्रेमानं. मी वर पोचलो, पालखीतल्या देवासारखा. पण पालखीतल्या देवाला कुणी विचारतं का, बाबा रे, तुला कुठं जायचंय? तासाभरानं मला लघवीला जायचं होतं. पोरं जेवायला गेली होती. मी बुद्धमूर्तीसमोर बसून राहिलो, दीड तास.

एलिस बेटाचा जिना आणि माझ्या विहाराच्या पायऱ्या ह्यांत फरक काय? तिथं जिना मुद्दाम ठेवला होता, इथं कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण खाली राहणाऱ्याला काय, तो खालीच.

हिशेब सांगतो, अवघड नाही. एक इंच चढाला बारा इंच लांबीचा उतार लागतो. पायरी सहा इंचांची, पाच पायऱ्या म्हणजे ३० इंच. म्हणजे ३० फूट उतार. अंगणात एक वळण देऊन बसतो. दार ३२ इंच मोकळं पाहिजे. फरशीच्या वर्गणीतून झाला असता. वर्गणी देणाऱ्यांत माझेही डॉलर होते, मीही विचारलं नाही. चूक माझीही आहे.

तुम्ही म्हणाल, आधी जातीचा प्रश्न सुटू दे, मग लंगड्यांचं बघू. हे वाक्य ओळखीचं वाटतं का? आधी स्वातंत्र्य येऊ दे, मग अस्पृश्यांचं बघू. आधी वर्गलढा जिंकू, मग जातीचं बघू. आपल्याला ज्यांनी रांगेत मागं उभं केलं, त्यांचंच वाक्य आपण आपल्या माणसाला ऐकवायचं?

आठवा १९७८. नामांतराची दंगल. मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. मी सहा वर्षांचा. आईनं मला पाठीवर टाकलं आणि उसात पळाली. आमच्या शेजारी एक आंधळी म्हातारी होती. पळा म्हणून ओरडा झाला तेव्हा सगळे पळाले. ती दारात बसून विचारत होती, कोन हाय रं, कुनीकडं चाललात? आग तिच्या ओळीपर्यंत पोचली नाही म्हणून वाचली. आमच्यामुळं नाही. जात बघून वस्ती जाळतात तेव्हा पहिला मरतो तो पळता न येणारा. मग अपंगाचा प्रश्न जातीच्या प्रश्नानंतरचा कसा?

आणि नावांच्या जाळ्यात अडकू नका. २०१५ सालच्या अखेरीला पंतप्रधानांनी आम्हाला नवं नाव दिलं, दिव्यांग. आमच्या अंगात म्हणे दैवी काहीतरी आहे. आपल्याला एकदा हरिजन केलं होतं, आठवतं ना? देवाची माणसं म्हणायचं आणि देवळाबाहेर ठेवायचं. ज्याला हिस्सा द्यायचा नसतो, त्याला देव बहाल करतात. अपंग म्हणा, लंगडा म्हणा, मला चालेल. पण कचेरीला उतार बांधा.

बुद्धाच्या संघाचंही खरं ते सांगतो, रागावू नका. विनयाच्या महावग्गात प्रव्रज्या कुणाला देऊ नये त्याची यादी आहे. तीत लंगडा आहे, कुबडा आहे, आंधळा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो डोळे मिटून घ्यायला दिला नाही. जे बुद्धीला आणि माणुसकीला पटत नाही ते सोडायचं, मग ते कुठल्याही पोथीत असो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक विहाराला उतार. सभेच्या स्टेजला उतार, म्हणजे अपंग खालून टाळ्या वाजवणारा न राहता वर बोलणारा होईल. वस्तीवर हल्ला झाला तर कुणी कुणाला उचलायचं, ह्याची यादी आधीच करा. २०१६ च्या कायद्यात अपंगाचे २१ प्रकार आणि सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आहेत. जातीचा दाखला काढायला जाल तेव्हा वस्तीतल्या अपंग पोराचा दाखलाही सोबत काढा. आणि जो पोरगा, जी पोरगी शिकून परदेशी जाईल, तिनं तिथं कोट उलटा घालू नये. जिथं जाल तिथं तिथल्या अपंगांच्या, काळ्यांच्या, मदतनीस बायांच्या रांगेत जाऊन उभं राहा. तीच आपली रांग आहे.

आता मी अमेरिकेचा नागरिक आहे. बाबासाहेबांचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा.

पुढच्या वर्षी मी गावी येणार आहे. पोरांनो, तुमच्या खांद्यांवर माझा जीव आहे. पण मला उचलू नका. उतार बांधून ठेवा. मी माझा वर येईन.

जय भीम.